आईच्या कुरडया आणि चुकलेला गेज

परवा जिन्यात तो आंबूस वास आला. वरच्या मजल्यावर कुणीतरी कुरडयांसाठी गहू भिजत घातला होता. पहिल्या दिवशीच्या पाण्याचा वास वेगळा, तिसऱ्या दिवशीचा वेगळा, मला तो डोळे मिटून सांगता येतो. भाजीची पिशवी पायरीवर टेकवून मी तशीच उभी राहिले आणि नकळत उजव्या मनगटाजवळचा डाग चोळायला लागले. पंधरा वर्षांचा जुना डाग आहे. आता फारसा दिसत नाही, ऊन वाढलं की तेवढा खाजतो. सई, माझी लेक, ताथवड्याला इंजिनीअरिंगला आहे. तिनं लहानपणी विचारलं तेव्हा मी सांगितलं होतं की तळताना तेल उडालं. ते खोटं होतं. तेल नव्हतं, कुरडयांचा शिजता चीक होता.

आमच्या या पट्ट्यात मार्चला नुसतं मार्च कुणी म्हणत नाही. मार्च एंडिंग म्हणतात. चाकणच्या रस्त्याला मालाचे ट्रक एकामागे एक लागतात, रविवारीसुद्धा ओव्हरटाइम असतो, साहेब लोकांचे आवाज चढलेले असतात. त्याच महिन्यात पोरांच्या परीक्षा. आणि ऊन कडक झालं म्हणून त्याच महिन्यात गच्च्यांवर कुरडया, पापड, सांडगे. हे सगळं एकाच महिन्यात कुणी बसवलं देव जाणे. ज्यानं बसवलं त्याच्या घरी चीक शिजवायला दुसरं कुणीतरी असणार.

त्या मार्चमध्ये मी एकतीस वर्षांची होते. तळेगावात सासर, पदरात तीन वर्षांची सई, आणि चाकणला रबरी सील बनवणाऱ्या एका कंपनीत तपासणीचं काम. सकाळी सहाला कंपनीची बस चौकात यायची. दिवसभर टेबलापाशी उभं राहून एकेक सील उचलायचं आणि गेजवर चढवायचं. गेज म्हणजे लोखंडाचा एक ठोकळा, अचूक मापाचा. सील नीट बसलं तर पास, नाही बसलं तर लाल पेटीत. हातांना रबराचा वास असा चिकटायचा की साबणानं जायचा नाही, सई माझी बोटं हुंगून म्हणायची, "मम्मीचा वास." मला ते काम मनापासून आवडायचं.

आमच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवली होती. गेजवर एक स्टिकर असतो, गेजची स्वतःची तपासणी शेवटची कधी झाली त्याचा. आणि गेजच चुकीचा निघाला तर त्यानं पास केलेला, नापास केलेला सगळा माल परत काढायचा, जिथे जिथे गेला असेल तिथून मागवायचा आणि पुन्हा तपासायचा. "मालाला नावं ठेवायच्या आधी गेज बघायचा, मॅडम," असं ते म्हणायचे. मी मान डोलवायचे. कंपनीत शिकलेलं घरी लावून बघावं हे तेव्हा सुचलं नाही.

चार वर्षं मी कंत्राटावर होते. त्या मार्चमध्ये सहाजणींना कायम करायचं ठरलं आणि त्या यादीत माझं नाव होतं. महिनाअखेरीला ग्राहक कंपनीची माणसं तपासणीला येणार होती, त्यांच्यासमोर टेबलावर उभं राहून काम करून दाखवायचं. ते पार पडलं की पत्र हातात. मी त्या पत्रासाठी एक प्लास्टिकचं फोल्डर आणून ठेवलं होतं, निळं.

आता माझ्या आईविषयी सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. आई लातूरकडची. लग्न होऊन इकडे आली, भोसरीत पॅकिंगला लागली आणि उभं आयुष्य उभ्यानं काम केलं. दिघीला आमचं घर होतं, आता भाऊ तिथे तिच्यासोबत राहतो. तर ही आई, नोकरी करून, आम्हा दोघा भावंडांना वाढवून, दर मार्चला पत्र्याचा पिवळा डबा भरून कुरडया करायची. पांढऱ्याशुभ्र, एकसारख्या, एकही मोडलेली नाही. गावी आजीकडे एक पिशवी, मामाकडे एक, आणि माझं लग्न झाल्यावर माझ्या सासरी एक. माझ्या सासूबाई त्यातली एक कुरडई खिडकीच्या उजेडात धरायच्या आणि म्हणायच्या, "तुझी आई म्हणजे कमाल आहे. कंपनी करून हे सगळं! शिक काहीतरी." मला अभिमान वाटायचा. आपल्या आईचं कौतुक आपल्याच डोक्यात टपली मारून केलेलं असलं तरी गोड लागतं.

त्या वर्षी नणंदेच्या सासरी आमच्याकडून कुरडया जायच्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, "तू तिचीच लेक ना? यंदा तुझ्या हातच्या होऊ देत." नवरा म्हणाला, "तुला जमत असेल तर कर." हे वाक्य ऐकायला मदतीसारखं वाटतं, पण त्यानं बादलीतला गहू काही उपसला जात नाही. सईला तेव्हा सारखा ताप येत होता. मी तीन आठवडे सलग झोपले नव्हते. बसमध्ये खिडकीला डोकं टेकलं की चाकण येईपर्यंत मेल्यासारखी पडून असायचे. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या भिंतीआड उभं राहून मी आईला फोन केला आणि रडले. म्हटलं, "आई, माझ्यानं होणार नाही गं. मी सांगते त्यांना."

फोनवर आई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मी नाही का केलं, मंगे? मन लागतंय करायला. जमतंय की."

ती जरा वेळ गप्प राहिली होती, हे मला पुढे पुष्कळ उशिरा आठवलं.

मग मी गहू भिजवला. तीन दिवस रोज पहाटे बसच्या आधी पाणी बदललं. तिसऱ्या दिवशी शिफ्टवरून येऊन तो मिक्सरमधून काढला, मिक्सर तापून बंद पडायचा, मी फुंकर घालत बसायचे. जुन्या ओढणीतून पिळून पिळून चीक गाळला. सई पायाला मिठी मारून रडत होती आणि माझे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे, तिला उचलू कशी? रात्रीतून चीक खाली बसतो, वरचं पाणी ओतायचं, आणि सकाळी शिजवून गरम असतानाच सोऱ्यात भरून घालायचा. तो थांबत नाही. एक दिवस उशीर झाला की आंबून जातो. तपासणीच्या आदल्या दिवशीची सुट्टी मी त्याच्यासाठी घेतली. साहेब नाराज झाले, पण हो म्हणाले.

चीक शिजायला लागला की घट्ट होतो, ढवळणाऱ्याचा खांदा निघून येतो. सई कडेवरून उतरायला तयार नव्हती. डाव्या हातावर ती, उजव्या हातात लाकडी दांडा. पातेल्यात मोठा बुडबुडा फुटला आणि चिकाचा गोळा मनगटावर येऊन बसला. पाणी पडलं तर ओघळून जातं. चीक चिकटून राहतो आणि भाजत राहतो. सईला काही झालं नाही, एवढंच मी देवाला आजवर सांगत आले.

दवाखान्यात हाताला पट्टी बांधली. आठ दिवस गेज धरता येणार नव्हता. तपासणीच्या दिवशी माझ्या टेबलावर दुसरी बाई उभी राहिली. महिनाअखेरीला पाच जणींना पत्रं मिळाली. "पुढच्या वर्षी बघू, मॅडम," साहेब म्हणाले, आणि खाली बघितलं. घरी जळलेलं पातेलं चार दिवस मोरीत भिजत पडलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "मनातून हौस नसली की असं होतं." आई म्हणाली, "घाई केलीस." आणि मीही तेच म्हटलं. आई करू शकते, मी नाही, म्हणजे माझ्यातच खोट आहे. एप्रिलमध्ये मी बसला जायचं थांबवलं. कंत्राटी बाईला राजीनामाही द्यावा लागत नाही. सकाळी सहाला चौकात बसचा हॉर्न वाजायचा, मी अंथरुणात डोळे उघडे ठेवून तो ऐकायचे. निळं फोल्डर सईच्या चित्रांना झालं.

दोन वर्षांनी, पुन्हा मार्चमध्येच, मी सईला घेऊन दिघीला माहेरी गेले होते. गल्लीच्या तोंडाशी कमळमावशी भेटल्या. जुन्या दिघी गावातल्या त्या, घरची शेती होती, आता तिथे इमारती झाल्या आहेत. लहानपणी शाळा सुटली की आई कामावरून येईपर्यंत आम्ही त्यांच्याच अंगणात असायचो. मला बघून त्या हसल्या.

"मंगल, कवा आलीस? बरं झालं. तुज्या आयच्या कुरडया झाल्यात, डबा घिऊन जा. माजं गुडघं काय जिनं चढत न्हाईत आता."

मला वाटलं, आईनं त्यांच्या ओट्यावर वाळत टाकल्या असतील. तसं म्हटलं.

"वाळत?" त्या म्हणाल्या. "आगं, घालतीच म्या. तू शाळेत जात हुतीस तवापासनं. तुजी आय डूटीला जानार का कुरडया घालनार? गहू तिचा, हात माजं. तुला ठावं न्हाई व्हय?"

त्यांच्या आवाजात काहीच नव्हतं. त्या सहज बोलत होत्या. त्यांनी पिवळा डबा आणून माझ्या हातात दिला, सईच्या गालाला हात लावला आणि आत गेल्या. मी डबा धरून गल्लीत उभी राहिले.

सगळ्यात आधी मला राग आला तो माझ्या आठवणीचा. मला स्वच्छ आठवत होतं की आई चीक शिजवते आहे, वाटीत गरम चीक घालून वर दूध-साखर देते आहे, आणि मी फुंकर मारत खाते आहे. तो वास, ती चटका देणारी वाटी. आता त्या आठवणीकडे नीट बघितलं तर वाटी पितळेची होती. आमच्या घरी पितळेची वाटीच नव्हती. मी कमळमावशींच्या अंगणातला चीक खाल्ला होता आणि मनानं तो उचलून आईच्या हातात दिला होता. इतकं मला तिचं ते रूप हवं होतं.

आई भाजी निवडत बसली होती. मी डबा तिच्यासमोर ठेवला. तिनं डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तिला कळलं.

"तुझी आजी कशी होती ठाऊक हाय तुला," ती म्हणाली. "सून बाहेर काम करतीय म्हणून गावात बोलायची. कुरडया बघितल्या की गप बसायची. मग दरसाल कराव्या लागल्या."

"आजीला नको सांगायचंस. मला का नाही सांगितलंस? मी फोनवर रडत होते, आई. माझा हात बघ. माझी नोकरी गेली."

आईनं भाजी खाली ठेवली. म्हणाली, "मला वाटलं, तुला जमंल. तू शिकलेली. तुला खरंच जमलं असतं तर मी खोटी पडले नसते."

माणसं लेकीच्या सुखासाठी काय काय करतात ते आपण ऐकतो. माझ्या आईनं स्वतःचं खोटं खरं करण्यासाठी मला पुढे घातलं होतं, आणि तरी ती माझी आईच होती, माझ्यासाठी चहा टाकायला उठत होती. त्या चहाला मी हात लावला नाही. मला इतकं फसल्यासारखं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. नवऱ्यानं, सासूनं, साहेबांनी मोजलं तर मी समजू शकत होते. पण ज्या मापानं ते सगळे मला मोजत होते ते माप आईनं हातानं बनवून दिलं होतं, आणि ते खोटं होतं हे फक्त तिला माहीत होतं.

परत येताना बसमध्ये मला साहेबांचं ते वाक्य आठवलं. गेज चुकीचा निघाला होता. म्हणजे नियमानं त्या गेजनं नापास केलेलं सगळं परत तपासायला हवं. सईला पहिल्या वर्षी वरचं दूध दिलं, ते. पोळ्या करायचं त्राण नव्हतं म्हणून डब्यात बिस्किटं दिली, ते. एका रविवारी भरदुपारी दार लावून झोपले आणि बाहेर पाहुणे आले, ते. सई रडत असताना मी कानात बोटं घालून मोरीत बसले होते, तेही. सगळं लाल पेटीत पडलं होतं. आणि कुठल्या मापाला लागलं नाही म्हणून? जी बाई कधी नव्हतीच, तिच्या. हे वाचणारी कुणी आत्ता एक लेकरू कडेवर आणि दुसरं काम हातात घेऊन उभी असेल तर तिला मला एवढंच सांगायचं आहे, की बाई गं, तू थकली आहेस कारण ते काम थकवणारंच आहे. तुझ्यात खोट नाही. तुझ्यासमोर ज्यांची नावं घेतली जातात त्यांच्या घरी एकदा अवेळी जाऊन बघ.

हे सगळं मला त्या बसमध्ये कळलं होतं. आणि तरी पुढे मी काय केलं ते सांगायची मला लाज वाटते.

कमळमावशींचे गुडघे पुरते गेले आणि त्यांनी कुरडया घालणं बंद केलं. आई फोनवर म्हणाली, "आता तू पाठवत जा." तोवर मी तळेगावातच एका छोट्या कारखान्यात स्टोअरला लागले होते, पुन्हा कंत्राटावर. आमच्याकडे बायकांचा एक बचत गट आहे, त्यांच्या कुरडया सुरेख असतात. मी त्यांची पाकिटं आणायचे, फोडायचे, लेबलं केराच्या डब्यात खोल खाली दाबायचे आणि कुरडया पिवळ्या डब्यात रचायचे. दिघीला डबा, नणंदेला एक पिशवी, वरच्या मजल्यावर नवीन आलेल्या सुनेला एक. कुठून आणल्यास हे आईनं कधी विचारलं नाही. मी कधी सांगितलं नाही. सासूबाई आता कुरडई उजेडात धरून म्हणायच्या, "शेवटी आलीस वळणावर." आणि मला बरं वाटायचं. खरंच बरं वाटायचं, कशाला खोटं बोलू?

तीन वर्षांपूर्वी भावाचं लग्न झालं. अश्विनी, माझी भावजय, चाकणला गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत आहे. बारीक अंगाची, कामाला वाघ. तिची रेवा आता नऊ महिन्यांची आहे. गेल्या शनिवारी दुपारी तिचा फोन आला.

"ताई, चीक शिजवताना गाठी होऊ नयेत म्हणून तुम्ही काय करता?"

मी स्टोअरमध्ये बोल्टांच्या पेट्यांमध्ये उभी होते. उभ्या जन्मात एकही धड कुरडई न घातलेली मी शांतपणे म्हणाले, "एकाच दिशेनं ढवळायचं गं. हात थांबवायचा नाही." ऐकून माहीत असतं माणसाला.

"बरं. सोमवारी घालतेय. सुट्टी टाकलीय. खरं तर सोमवारी इंटरव्ह्यू होता माझा, कायम करतायत चौघींना. पण गहू गुरुवारीच भिजवला ना, तारीख नंतर कळली. आता थांबला तर आंबेल. साहेबांना विचारलंय, पुढची तारीख देतात का."

"आणि रेवा?"

"कडेवर घेईन. तुम्ही पण सईला कडेवर घेऊनच केल्या होत्या ना? आई नेहमी सांगतात, हात भाजला तरी मंगलनं पातेलं खाली उतरवलं नाही."

फोन ठेवला आणि मी एका पेटीवर बसले. माझ्या भाजलेल्या हाताची, गेलेल्या नोकरीची, मोरीत पडलेल्या त्या जळक्या पातेल्याची आईनं पराक्रमाची गोष्ट करून टाकली होती. आणि त्या गोष्टीला पुरावा म्हणून दरसाल पिवळा डबा मीच भरून पाठवत होते. त्या पोरीच्या टेबलावरचा गेज आता मी होते.

रविवारी सकाळी मी बचत गटाचं पाकीट घेतलं, लेबलासकट, आणि स्कूटीवरून दिघी गाठली. अश्विनी स्वयंपाकघरात खाली बसून चीक पिळत होती. कोपरापर्यंत पांढरे हात. रेवा टेबलाखाली तिच्या ओढणीचं टोक चोखत होती. आई लसूण सोलत होती. मी पाकीट दोघींच्या मध्ये ठेवलं.

"डब्यातल्या कुरडया या असतात," मी म्हणाले. "दरवर्षी. मी एकदाच करायला गेले, हात भाजून घेतला, त्यात माझी कायम व्हायची नोकरी गेली. एकही कुरडई झाली नाही. आणि आईच्या कमळमावशी करायच्या."

"मंगे, कशाला आता?" आई पुटपुटली.

अश्विनीनं ओढणी पिळायची थांबवली. मला वाटलं होतं ती सुटल्यासारखं हसेल, माझे आभार मानेल. माझ्या मनात मी तिला सोडवायला आले होते. तिचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"ताई, आईंचं एक वेळ ठीक आहे. तो काळ वेगळा होता. पण तुम्ही तरी..." तिनं ओढणीचा पिळा पातेल्याच्या काठावर टाकला. मग म्हणाली, "मागच्या वर्षी मला सहावा महिना होता. माझ्या सगळ्या मोडल्या. तुमच्या डब्याशेजारी ठेवायची लाज वाटली म्हणून मी त्या पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीत टाकल्या. बाथरूममध्ये नळ सोडून रडले. तुम्ही पाडव्याला आला होतात तेव्हा. बाहेरच बसला होतात."

मी बाहेरच बसले होते. मला तो नळाचा आवाज आठवला. पंधरा वर्षांपूर्वी कंपनीच्या भिंतीआड मी रडत होते आणि पलीकडे आई जरा वेळ गप्प राहिली होती. मला तर गप्प राहावंसुद्धा लागलं नव्हतं, मी टीव्ही बघत होते. मी म्हणाले, "चुकलं माझं." तिनं मान दुसरीकडे वळवली, आणि ते बरोबरच होतं. राग लगेच जावा असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

तेवढ्यात आई उठली. लसणाची सालं पदरातून झटकली, चिकाचं पातेलं दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढलं.

"उद्या तू कंपनीत जा," ती अश्विनीला म्हणाली. "रेवाला आमी बघतो. हे मी घालते."

"तुम्हाला येतं का?" अश्विनीनं विचारलं. आवाज अजून कडकच होता.

आईनं माझ्याकडे बघितलं. मग पातेल्याकडे. "नाही," ती म्हणाली. "गावाकडं सासूबाई घालायच्या, मी नुसती राखण करायची. मला कधीच आल्या नाहीत."

हे एवढं बोलायला तिला सत्तर वर्षं लागली. अश्विनी उठली, हात धुतले, आणि साहेबांना फोन करायला गॅलरीत गेली. सोमवारी सकाळी ती बसला गेली. जाताना रेवाला माझ्याकडे दिलं, माझ्याशी बोलली नाही.

मी कामावर सुट्टी कळवली होती. आई आणि मी गच्चीवर शेगडी मांडली. पलीकडे लष्कराच्या हद्दीतलं गवत वाळून पिवळं पडलेलं, आणि उन्हाची नुसती झळ. आधी रेवाला दोरीच्या पाळण्यात लांब, टाकीच्या सावलीत ठेवलं. मग चीक ओतला. मी एकाच दिशेनं ढवळलं, हात थांबवला नाही, आणि तरी गाठी झाल्या. सोऱ्या दोनदा अडकला. आईनं घातलेली पहिली कुरडई अर्ध्यात तुटली, माझी तर कुरडई म्हणून ओळखूच येईना. दुपारपर्यंत जुन्या चादरीवर पाचपन्नास वेडेवाकडे तुकडे पडले होते. सत्तरीची एक आणि पंचेचाळिशी ओलांडलेली एक, कुरडयांसाठी चार घरांत नाव काढलेल्या दोघी, घामानं भिजून त्यांच्याकडे बघत बसलो होतो. आईला हसू आलं, मग मला, आणि हसता हसता आई रडायला लागली. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "तुझी नोकरी गेली बाई माझ्यापायी." मी नाही म्हणाले नाही. मला नाही म्हणता आलं नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तेवढं मात्र जमलं.

खरवडलेल्या गरम चिकात आईनं दूध घातलं, निववून बोटानं रेवाला चाटवलं. रेवानं तोंड वेडंवाकडं केलं आणि पुन्हा मागितलं. एकच्या सुमाराला अश्विनीचा मेसेज आला: "झाला. बरा गेला. रेवा जेवली का?"

तिसऱ्या प्रहरी आम्ही चादर उचलली. आईनं पिवळा डबा आणला होता, पण तिनं तो उघडला नाही. डब्याकडे बघत हळूच म्हणाली, "मंगे, हे बाहेर कुणाला सांगू नको बाई."

"सांगणार," मी म्हणाले. "जिथे जिथे डबा गेला, त्या सगळ्या घरी."

म्हणून परवा जिन्यात तो वास आला तेव्हा मी डाग चोळायचं थांबवलं. भाजीची पिशवी तिथेच पायरीवर ठेवली, एक जिना चढून वर गेले आणि दार वाजवलं. जिला मी पिशवी द्यायचे त्या सुनेनं दार उघडलं. कडेवर लेकरू, कोपरापर्यंत पांढरे हात.